पेन्सिल सेलवरचा कॅमेरा

बत्तीस वर्षं मी हैदराबादच्या कोठी भागातल्या एका दवाखान्यात एक्स-रे काढले. "श्वास घ्या, रोखून धरा, सोडा" हे वाक्य मी माझ्या मुलाच्या नावापेक्षा जास्त वेळा उच्चारलं असेल. इतक्या वर्षांत माझ्या मशीनसमोर कुणी हनुवटी वर करून उभं राहिलं नाही, कुणी केस सारखे केले नाहीत. दुखणं घेऊन आलेल्या माणसाला आपण कसे दिसतो याची पर्वा नसते. मला तसली माणसं बघायची सवय लागली आणि बाकीची आवडेनाशी झाली.

निवृत्त झाल्यावर बाहेर लोक फोटो कसे काढतात ते पाहिलं, आणि शिसारी आली. सुनेनं एकदा आमच्या मलकपेठच्या गच्चीवर तिच्या फोनमध्ये माझा फोटो काढला. त्यात मी पन्नाशीची होते. गालावर एक सुरकुती नाही, मान एखाद्या नटीसारखी, आणि मागची पाण्याची टाकी धुक्यात विरघळलेली.

"आई, किती छान दिसताय!" ती म्हणाली.

"ही मी नाहीच," मी म्हटलं. "मला एखादी धाकटी बहीण असती तर ती अशी दिसली असती. पण मला बहीण नाही."

सून पुण्याची. तिला माझं बोलणं तिरकस वाटतं. ते असतंच.

गेल्या हिवाळ्यात मी एका टूरवाल्याकडे नाव नोंदवलं. विजापूर, बदामी, पट्टदकल, हंपी. पाच दिवस, बसनं. इतकी वर्षं लोकांच्या बरगड्या बघितल्या, आता जरा दगड बघावेत म्हटलं. आणि बघितलेलं आपल्यापाशी राहावं म्हणून कॅमेरा घ्यायचं ठरवलं. फोन नको होता. एक तर तो खोटं बोलतो, हे मी पाहिलं होतं. दुसरं म्हणजे उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून उन्हात मला फोनच्या काचेवर माझंच नाक दिसतं, बाकी काही नाही. मला डोळा लावायचं भोक असलेला कॅमेरा हवा होता, पूर्वी असायचे तसा. हातात मावणारा, पर्समध्ये जाणारा.

हे मी मुलाला सांगितलं, तिथं चूक झाली.

माझा मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला, काचेच्या इमारतींत नोकरी करतो आणि तिथंच राहतो. शनिवारी सूनबाईंसह मलकपेठला येतो. त्या शनिवारी तो लॅपटॉप उघडून बसला आणि पुढचे तीन शनिवार तो बंद झालाच नाही. त्यात त्यानं एक तक्ता केला होता. आडव्या रांगेत कॅमेरे, उभ्या रांगेत त्यांचे गुण, चांगल्याला हिरवा रंग, वाईटाला लाल.

"आई, हा बघ. याचा सेन्सर एक इंची आहे."

"भोक आहे का?"

"व्ह्यूफाइंडर नाही, पण स्क्रीन मोठी आहे, उलटीपण होते."

"मला उलटी करून काय करायचंय? पुढचा."

"याला आहे, पण आई, याची किंमत बघ. पाच दिवसांच्या ट्रिपला कुणी एवढं घालतं का? साधे, भोकवाले आता बनतच नाहीत. तुला जुनाच घ्यावा लागेल. जुन्याला वॉरंटी नसते."

"मलाही नाही."

तो हसला नाही. पंधरा दिवसांनी एक नवीन मॉडेल येणार आहे, मग मागच्याची किंमत उतरेल, तोवर थांबू या, असं म्हणून त्यानं तक्त्याला आणखी एक रांग जोडली. या मुलाला वस्तू घेण्यात रस नाही, वस्तू कशी घ्यावी याचा विचार करत बसण्यात आहे. लहानपणी दप्तर घेतानाही दुकानदार रडकुंडीला यायचा.

सोमवारी मी मेट्रोनं दोन स्टेशनं जाऊन कोठीला उतरले. जुन्या पुस्तकांच्या दुकानांच्या वर, एका अरुंद जिन्यानं चढून गेलं की कॅमेरा दुरुस्तीचं एक दुकान आहे, हे मला दवाखान्यात असल्यापासून माहीत होतं. वर माझ्याच वयाचे एक गृहस्थ, चष्मा कपाळावर चढवून बसलेले. समोर कॉलेजच्या तीन मुली.

"अंकल, पुराना लुक आता क्या इसमें?" एक विचारत होती.

"पुरानाच है बेटा, तो लुक भी पुरानाच आयेंगा," ते म्हणाले.

त्या मुलींना म्हणे हल्ली फोनचे फोटो फार स्वच्छ वाटतात. त्यांना थोडे मळके हवेत. आपल्या आयांनी ज्या कॅमेऱ्यांत लग्नाचे लाल डोळेवाले फोटो काढले, ते कॅमेरे या आता शोधत फिरतात, आणि ओठ पुढे काढून त्यांतून एकमेकींचे फोटो काढतात. त्या गेल्यावर दुकानवाल्यांनी बेसिनवर हात धुतले. मला ते गृहस्थ बरे वाटले.

"अम्मा, आप को क्या होना? आप को भी पुराना लुक?"

"मेरा लुक पुराना है. मेरे को कॅमेरा होना."

त्यांनी काचेच्या कपाटातून तीन काढून ठेवले. पहिला चपटा, सरकतं झाकण असलेला, देखणा. पण त्याची बॅटरी त्याच्या एकट्यापुरती बनवलेली, आणि ती आता कुठं मिळत नाही. म्हणजे एक दिवस तो मेला की मेला. दुसऱ्याला भोकच नव्हतं. तिसरा जाड, बोजड, साबणाच्या डबीएवढा, उजव्या हाताला पकड असलेला. डोळा लावायचं भोक होतं, आणि पोटात दोन साधे पेन्सिल सेल जात होते, जे बदामीतल्या किराणा दुकानातही मिळतील.

मग मी माझ्या पद्धतीनं तपासायला घेतलं. सेलचं झाकण उघडून आत हिरवट-पांढरा गंज आहे का बघितला. कॅमेरा चालू करून बाहेर आलेलं भिंग ट्यूबलाइटच्या दिशेनं धरलं. जुन्या भिंगात बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे असतात, ते नव्हते. पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढून त्यावर डाग येतात का पाहिलं. ते गृहस्थ चष्मा डोळ्यांवर आणून माझ्याकडे बघत राहिले.

"अम्मा, आप डॉक्टर हैं?"

"डॉक्टरां को दिखाती थी, क्या टूटा सो."

त्यांना ते आवडलं. त्यांनी ड्रॉवरमधून एक जुनं, लहान क्षमतेचं मेमरी कार्ड शोधून दिलं. आजची मोठी कार्डं या कॅमेऱ्याला वाचताच येत नाहीत, म्हणाले. मग बटणं समजावायला लागले. "अम्मा, ये फूल का बटन है ना, ये जरा देख के..."

"मशीनां पे जिंदगी गई मेरी," मी म्हटलं. "नक्को समझाओ."

त्यांनी कॅमेरा वर्तमानपत्रात गुंडाळून दिला.

घरी येऊन मी कॅमेऱ्याच्या मागची, फोटो दाखवणारी काच बंद करून टाकली. सेल वाचतात हे एक. पण खरं म्हणजे प्रत्येक फोटो काढला की लगेच त्यात बघणाऱ्या लोकांची मला कीव येते. ज्याला नेम धरता येतो तो नेम बघत बसत नाही. दवाखान्यात माझ्या फिल्म क्वचितच परत काढाव्या लागत. हाताखालच्या ज्या पोरांच्या लागत, त्यांना मी सर्वांदेखत विचारायची, "रोग्याला दोनदा किरण देताना लाज नाही वाटत?"

बस पहाटे निघाली. तीस-पस्तीस माणसं, बहुतेक मराठी, बहुतेक निवृत्त, आणि सगळे हातात फोन धरून चढलेले. शेजारच्या सीटवर आणि पाचही दिवस माझ्या खोलीत जी बाई आली ती पुण्याची. मुलगा इकडं नोकरीला, म्हणून दोन वर्षांपूर्वी हैदराबादला आलेली. गुटगुटीत, गुलाबी शाल, आणि पिशवीत दोन डझन केळी. बस अजून शहराबाहेर पडली नव्हती तर पहिलं केळं सोललं.

टोलनाक्याजवळ मी सहज म्हटलं, "बस थांबू लाली वाटतं."

"अय्या!" ती म्हणाली. "थांबू लाली! किती मजेशीर बोलता हो तुम्ही ताई! परत म्हणा ना!"

'थांबायला लागली'ला माझ्या माहेरी चार पिढ्या असंच म्हणत आल्या. मी परत म्हटलं नाही. दिवसभर काहीच म्हटलं नाही.

विजापूरच्या घुमटात आमच्या लोकांनी जे केलं ते मी सांगत नाही. त्या घुमटात हलकी कुजबुज केली तरी ती पलीकडच्या भिंतीपाशी ऐकू येते, म्हणून सगळे घसा फाटेपर्यंत ओरडत होते. ही बाई मुलीला व्हिडिओ कॉल लावून नातवाला हाका मारत होती. मी खांद्याला खांदा लागणार नाही असा कोपरा बघितला, कॅमेरा डोळ्याला लावला, श्वास रोखला आणि बटण दाबलं. भोकाच्या कडेला एक पिवळा दिवा लागला. तयार आहे, असा मी त्याचा अर्थ घेतला. विजापुरात मी चाळीसेक फोटो काढले असतील. बदामीच्या लेण्यांत त्याहून जास्त. अगदी वरच्या लेण्यातून खालचं तळं दिसतं, तांबड्या कड्यांच्या मधोमध हिरवं पाणी, काठावर बायका धुणं धुताहेत. तिथं मी अर्धा तास उभी होते. आमचे लोक माकडांबरोबर सेल्फी काढत होते. माकडं जास्त अदबीनं वागत होती.

"ताई, तुमचा तो खेळण्यातला कॅमेरा चालतो का हो?" बाईनं विचारलं.

"चालतो."

"दाखवा ना काय काढलं."

"घरी गेल्यावर."

दुपारच्या प्रवासात ती झोपायची. मान मागं टाकलेली, तोंड सताड उघडं, मांडीवर केळ्याची साल. दुसऱ्या दिवशी मी तिचा एक फोटो काढला. तिसऱ्या दिवशी आणखी तीन. सुनेला दाखवायचे होते. बघ तुमच्या पुण्याची बाई, असं म्हणायचं होतं. हे लिहायला काही छान वाटत नाही, पण तसं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही होस्पेटच्या हॉटेलात इडली खात होतो. त्या दिवशी हंपी होतं, आणि कार्डात किती जागा उरली ते बघायला मी पहिल्यांदाच मागची काच चालू केली. शेवटचा फोटो आला. धुकं. त्याच्या मागचा, धुकं. पट्टदकलचं देऊळ म्हणजे पाण्यात पडलेल्या गुळासारखं. मला वाटलं चष्मा पुसायला हवा. पुसला. मागं मागं गेले. बदामीचं तळं, हिरवा डाग. घुमट, राखाडी डाग. एकामागून एक, सगळे.

माझा चेहरा बघून बाई सरकून आली. "काय झालं हो? दाखवा." मी द्यायच्या आत तिनं तो हातातून घेतला आणि एकदा उलटसुलट केला. "अगं बाई, असाच होता आमच्याकडे! हात हलला म्हणावं तर सगळेच कसे... अहो ताई, हे फूल कशाला चालू ठेवलंय?"

"कुठलं फूल?"

"हे काय! फुलाचं चित्र असलेलं बटण. अगदी जवळच्या वस्तूंचे फोटो काढायला असतं हे. फूल, किडा, अंगठी. हे चालू असलं की लांबचं काही स्पष्ट येतच नाही. पिवळा दिवा नाही का लागायचा? बंद करून ठेवला तरी हे तसंच राहतं, मी पण एकदा सगळं महाबळेश्वर असंच घालवलंय."

पर्समध्ये ठेवताना ते कधी दाबलं गेलं, की दुकानातच मी दाबलं, मला आजही माहीत नाही. दवाखान्यातली ती सगळी पोरं, ज्यांची मी लाज काढली होती, माझ्यासमोर रांगेनं उभी राहिली. तीन दिवसांतलं काहीच हाती लागलं नव्हतं, आणि बस बदामीला परत जाणार नव्हती.

बाई अंगठ्यानं फोटो पुढं ढकलत होती. "काहीतरी चांगलं असेलच," ती म्हणत होती. मला आठवलं आणि मी हात पुढं केला, पण उशीर झाला होता.

तिचा फोटो लागला. बसमधली सीट माझ्यापासून हातभर. फूल चालू. त्यामुळं तो इतका स्वच्छ आला होता की मला कामावरचे दिवस आठवावेत. तोंडातली सोन्याची दाढ दिसत होती. सालीवरचे काळे ठिपके दिसत होते. डोळ्यांखालच्या पिशव्या, हनुवटीवरचे दोन केस. फक्त कपाळाचा वरचा भाग कापला गेला होता, कारण भोकातून दिसतं ते आणि भिंगाला दिसतं ते जवळून जुळत नाही.

तिनं पुढचा बघितला. मग तिसरा. मग चौथा. इडलीची वाफ थांबली होती.

"हे तेवढे छान आलेत," ती म्हणाली.

मला काहीतरी बोलायला हवं होतं. माझ्या तोंडून माफी सहज निघत नाही, सवय नाही. मी म्हटलं, "बस हलली की तुम्हाला झोप लागते."

"हो, रात्री लागत नाही ना," ती म्हणाली. "हे गेल्यापासून." मग तिनं कॅमेरा टेबलावर ठेवला, स्वतःचा फोन उघडला आणि माझ्यासमोर धरला. "मी पण काढलाय तुमचा. दाखवणार नव्हते."

विजापूरचा घुमट. सगळे लोक वर बघून हसताहेत, ओरडताहेत, लहान मुलांसारखे. एका कोपऱ्यात मी. कॅमेरा अजून डोळ्याला लावलेला नाही. खालचा ओठ पुढं, नाक जरा वर, आणि डोळ्यांत असं काहीतरी की समोरची पस्तीस माणसं घाण पाण्यातून चालत आली आहेत आणि माझ्या लादीवर उभी आहेत. खाली तिनं मुलीला लिहिलं होतं: "आमच्या खोलीतल्या हेडबाई."

फोननं माझ्या सुरकुत्या पुसल्या नव्हत्या. काही म्हणजे काहीच पुसलं नव्हतं. बत्तीस वर्षं मी लोकांना त्यांच्या आतलं काय मोडलंय ते काळ्या-पांढऱ्यात दाखवत आले, आणि माझं कुणी असं दाखवलं नव्हतं. ते होस्पेटच्या हॉटेलात, सांबाराच्या वाटीशेजारी, दोन डझन केळी आणणाऱ्या एका बाईनं दाखवलं.

"बरोबर आलाय," मी म्हटलं.

"हो ना," ती म्हणाली, आणि उरलेली इडली खाऊन उठली.

हंपीत दिवसभर ती माझ्याशी बोलली नाही. मी फूल बंद केलं आणि फोटो काढत गेले. ते सगळे नीट आले, हे मी दर चार फोटोंनंतर बघत होते, ज्यांची मला कीव येते त्या लोकांसारखी. संध्याकाळी नदीकाठी बसची वाट बघत आम्ही एकाच पायरीवर टेकलो, कारण दुसरीकडे सावली नव्हती. मी कॅमेरा तिच्यापुढं धरला आणि त्या चार फोटोंपैकी पहिला लावला.

"हे पुसायचे आहेत. तुमच्यासमोर पुसते."

तिनं एकेक करून तिन्ही पुसू दिले. चौथ्याला थांबवलं. "हा राहू दे. मी अशी झोपते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मुलांना वाटतं मला झोपच येत नाही, गोळ्या सुरू करा म्हणतात. हा दाखवीन त्यांना."

"यातून तुमच्या फोनवर जात नाही. कागदावर काढून द्यावा लागेल."

"मग द्या."

तेवढंच झालं. मिठ्या मारल्या नाहीत. परतीच्या बसमध्ये ती पुन्हा झोपली, पुन्हा तोंड उघडं, आणि मी खिडकीबाहेर बघत बसले. शहराच्या पश्चिमेला एका पुलाखाली तिचा मुलगा गाडी घेऊन उभा होता. ती उतरली आणि शाल सावरत निघून गेली, मागं वळली नाही. मलकपेठ यायला पुढं तासभर लागला.

तो एक फोटो मी छापून घेतला आणि पत्ता विचारून पोस्टानं पाठवला. आठ दिवसांनी तिच्याकडून माझ्या फोनवर घुमटातला माझा फोटो आला. बरोबर एक शब्दही नाही. शनिवारी मुलगा आणि सून आले तेव्हा तो टेबलावरच्या माझ्या फोनमध्ये उघडाच राहिला होता. सून चहा ओतताना थबकली. मला वाटलं आता ती काहीतरी गुळमुळीत बोलेल. ती म्हणाली, "आई, अगदी तुम्ही!" आणि मग घाबरून जीभ चावली. लग्नाला सहा वर्षं झाली, तिनं माझ्याबद्दल मला तोंडावर सांगितलेली ही पहिली खरी गोष्ट.

मुलानं वाकून बघितला. "केवढा शार्प आहे! कुठल्या फोननं काढलाय?"

ते दोघं गेल्यावर बाईला काय लिहावं याचा विचार करत बसले. धन्यवाद लिहिलं, खोडलं. शेवटी लिहिलं, "पोचला. बरा आहे." तिचं उत्तर लगेच आलं, पिवळा अंगठा. अक्षरओळख असून अंगठे पाठवणाऱ्या माणसांची मला चीड आहे, आणि तेही मी तिला लिहून टाकलं. तिनं आणखी एक अंगठा पाठवला.